एक नाव, दोन जहाजं: ‘खुकरी’ची टपाल पाकिटं कशी जमवायची

आमच्याकडे कुणी आलं आणि मी अल्बम काढला, की एक प्रश्न हमखास येतो: ‘अख्खं पाकीट कशाला ठेवलंय? तिकीट सोडवून घ्यायचं की!’ लहानपणी आपण सगळ्यांनी तेच केलं. वाटीत पाणी, त्यात पाकिटाचा कापलेला कोपरा, आणि सुटलेलं तिकीट वर्तमानपत्रावर वाळत. त्या वाटीत आपण काय काय बुडवलं, याचा हिशेब आता लागायचा नाही. तिकिटं लाखोंनी छापली जातात. पण अमुक दिवशी, अमुक गावच्या पोस्टात त्या तिकिटावर पडलेला शिक्का मोजक्याच पाकिटांवर असतो. तारीख आणि गाव सांगतो तो शिक्का. म्हणून पाकीट अख्खं ठेवायचं.

नौदलाच्या पाकिटांकडे वळणाऱ्या नवख्या माणसाला मी एकच सांगतो: सगळी जहाजं जमवायला जाऊ नका. एक नाव धरा. माझं नाव ‘खुकरी’. पुढचं सगळं तिच्याच उदाहरणाने सांगतो, तुम्ही तुमचं जहाज घ्या.

आधी नावाची कुंडली मांडा

आपल्या नौदलात लढाऊ जहाजांना सहसा माणसांची नावं देत नाहीत. शिवाजी आणि आंग्रे ही नावं आहेत, पण ती लोणावळ्याच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या तळांना. जहाजांना नद्या, डोंगर, शहरं, शस्त्रं यांची नावं मिळतात, आणि जुनं जहाज गेलं की तेच नाव नव्याला देतात. त्यामुळे नावाचा माग काढायचा तर दोन दिशांनी काढावा लागतो: ज्या वस्तूवरून नाव आलं ती, आणि ज्या जुन्या जहाजाकडून आलं ते.

खुकरी म्हणजे गोरख्यांचं वाकडं शस्त्र. पहिली आयएनएस खुकरी ही इंग्लंडात बांधलेली, पाणबुड्यांचा माग काढणारी छोटी फ्रिगेट, क्रमांक एफ १४९, १९५८ पासून आपल्या नौदलात. तिच्या जोडीच्या बहिणी कृपाण आणि कुठार, म्हणजे सगळं घर शस्त्रांच्याच नावाचं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो मारून तिला बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

दुसरी खुकरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली क्षेपणास्त्र कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, क्रमांक पी ४९. २३ ऑगस्ट १९८९ ला मुंबईत ती नौदलात दाखल झाली, २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली, आणि २६ जानेवारी २०२२ ला संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली. पहिली जिथे बुडाली, तिथल्याच किनाऱ्यावर दुसरी येऊन थांबली.

हे सगळं एका कागदावर तारीखवार लिहून काढा. गाव आणि तारीख असे दोन रकाने पाडा. हा कागद म्हणजे तुमची खरेदीची यादी. तो नसेल तर प्रदर्शनातल्या पहिल्याच टेबलावर खिसा रिकामा होतो, आणि घरी आल्यावर कळतं की आणलेल्या सात पाकिटांपैकी पाचांचा आपल्या जहाजाशी काडीचा संबंध नाही. माझं झालंय.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावर चार गोष्टी बघायच्या: तिकीट, शिक्का, डाव्या बाजूचं चित्र आणि मागचा मजकूर. डावीकडच्या चित्राला संग्राहक ‘कॅशे’ म्हणतात. नवख्याची नजर तिथेच खिळते, कारण जहाज तिथे असतं. तुम्ही मात्र आधी शिक्का वाचा. चित्र कुणीही, कधीही छापू शकतो.

पाकिटांचे प्रकारही माहीत हवेत. पोस्ट खातं नवं तिकीट काढतं त्या दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट म्हणजे फर्स्ट डे कव्हर. कप्तान मुल्लांवर २००० साली तिकीट निघालं, त्याचं फर्स्ट डे कव्हर हा खुकरीच्या संग्रहाचा पाया. ते सहज मिळतं, महागही नसतं. नवं तिकीट न काढता एखाद्या प्रसंगासाठी नुसतं छापील पाकीट आणि खास शिक्का काढला तर ते स्पेशल कव्हर. तिकीट दिल्लीहून निघतं, स्पेशल कव्हर मात्र त्या त्या राज्याच्या टपाल सर्कलकडून, म्हणजे पोस्टाच्या विभागाकडून. आपल्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, हे लक्षात ठेवा. मुरगावसारख्या गोव्याच्या नावाच्या जहाजाच्या मागे असाल तर उपयोगी पडेल.

तिसरा प्रकार मला सगळ्यांत जवळचा: एपीएस, म्हणजे आर्मी पोस्टल सर्व्हिसचं कव्हर. सैन्याची स्वतःची टपालसेवा पलटणींचे वर्धापनदिन, ध्वजप्रदान, जहाजांचं दाखल होणं आणि निवृत्त होणं अशा प्रसंगी ही पाकिटं काढते. शिक्क्यात गावाच्या जागी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असं काहीतरी असतं, आणि सोबत त्या पलटणीचा किंवा जहाजाचा थोडक्यात इतिहास. या पाकिटांचं चित्र बहुधा साधं, छपाईही बेताची. पण माहिती घरच्या माणसाने दिलेली असते. माहितीचा कागद हरवलेलं एपीएस पाकीट घेऊ नका, घेतलंत तर निम्म्या किमतीला घ्या.

आणि चौथा प्रकार म्हणजे खरंखुरं टपाल: आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला पाठवलेलं पत्र. नौसैनिकांचा पत्ता जहाजाचं नाव आणि ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असा असतो. जहाज कुठल्याही समुद्रात असो, पत्ता तोच. १९५८ ते १९७१ या काळातलं, पत्त्यात ‘आयएनएस खुकरी’ असलेलं एखादं साधं पिवळं पडलेलं पाकीट मिळालं, तर त्याच्यापुढे बाकीचा अल्बम फिका. मात्र असं पत्र कुणाच्या घरातून येत असेल तर घासाघीस करू नये, आणि शक्य असेल तर ते त्या घरातच राहू द्यावं, छायाचित्र घ्यावं. याबाबतीत माझं मत ठाम आहे, इतर संग्राहक माझ्यावर हसतात.

पहिली खरेदी

मुंबईचं जीपीओ, पुणे, नागपूर, पणजी इथे फिलाटेलिक ब्युरो, म्हणजे पोस्टाची संग्राहकांसाठीची केंद्रं आहेत. आपल्या जवळच्या ब्युरोत एकदा जाऊन या. काउंटरवरच्या माणसाशी ओळख करून घेणं हे या छंदातलं अर्धं काम. तिथे ठेव खातं उघडता येतं: थोडी रक्कम भरून ठेवायची, मग नवी तिकिटं आणि फर्स्ट डे कव्हर घरी येतात. जुना माल मात्र तिथे नसतो. त्यासाठी विक्रेते, प्रदर्शनं आणि संग्राहकांची आपापसातली देवाणघेवाण. राज्यपातळीवरचं ‘महापेक्स’ प्रदर्शन भरेल तेव्हा शेवटच्या दिवशी दुपारी जा. परत नेण्याचा कंटाळा आला की विक्रेत्यांचे भाव उतरतात.

सोन्याचा मुलामा दिलेली तिकिटाची प्रतिकृती लावलेली, मखमली खोक्यातली पाकिटं कुणी दाखवली तर हात जोडून पुढे चला. नाकापेक्षा मोती जड.

स्वतःचं पाकीट तयार करा

खरी मजा इथे आहे, आणि खर्च सगळ्यांत कमी. विकत घेतलेलं पाकीट दुसऱ्याने विचार करून काढलेलं असतं. स्वतःचं पाकीट काढताना तारीख, गाव, तिकीट, चित्र या चारही गोष्टी तुम्हाला जुळवाव्या लागतात, आणि त्यातच जहाजाचा इतिहास पाठ होतो.

खुकरीसाठी तारीख ९ डिसेंबर आणि गाव दीव. दीवचा पिनकोड ३६२५२०. १९७१ साली हे गाव ‘गोवा, दमण आणि दीव’ या एकाच केंद्रशासित प्रदेशात होतं, टपालाच्या दृष्टीने मात्र आज ते गुजरात सर्कलकडे आहे. स्वतः जाणं जमलं तर उत्तम. समुद्राकडे तोंड करून असलेलं खुकरी स्मारक आणि दुसरी खुकरी, दोन्ही बघून होतील आणि शिक्का डोळ्यांसमोर मारून घेता येईल. जमलं नाही तर टपालाने मागवा.

पाकीट पांढरं, जरा जाड कागदाचं घ्या. खिडकीचं नको, चकचकीत नको: चकचकीत कागदावर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि बोट लागलं की पसरते. डाव्या बाजूला चित्र छापायचं असेल तर लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. जालावरून उचललेलं छायाचित्र वापरू नका. स्वतः काढलेलं रेखाचित्र ओबडधोबड असलं तरी चालेल. मी पहिल्या वर्षी नुसती तीन अक्षरं छापली होती, ‘खुकरी’. आजही तेच पाकीट सर्वांत देखणं वाटतं.

तिकीट निवडताना विषय जुळवा. मुल्लांचं तिकीट सर्वांत योग्य. साध्या पत्राचा दर पाच रुपये, त्यामुळे जुन्या तिकिटाची दर्शनी किंमत कमी पडत असेल तर जोडीला दुसरं लावा. १९८४ साली राष्ट्रपतींच्या नौदल पाहणीच्या वेळी निघालेल्या तिकिटांपैकी एखादं शोभतं. उजव्या कोपऱ्यात दोन्ही तिकिटं अशी लावा की शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा कागदावर येईल. सगळा शिक्का तिकिटाच्या गडद चित्रावर पडला तर तारीख वाचता येत नाही, आणि तारखेसाठीच तर सगळा खटाटोप.

पाकिटात पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घाला. शिक्का सपाट उमटतो आणि प्रवासात पाकीट दुमडत नाही. झाकण चिकटवू नका, आत खोचा. मग अशी दोन-तीन पाकिटं एका मोठ्या लिफाफ्यात घालून दीवच्या पोस्टमास्तरांच्या नावाने पाठवा. सोबत हिंदीत चार ओळींचं नम्र पत्र: ९ डिसेंबरला या पाकिटांवर हाताने स्वच्छ शिक्का मारून परत पाठवावीत, ही विनंती. परतीच्या मोठ्या लिफाफ्यावर तुमचा पत्ता आणि पुरेशी तिकिटं आधीच लावून ठेवा. कमी तिकिटं लावून पोस्टाकडून उपकाराची अपेक्षा करू नये. निदान पंधरा दिवस आधी पाठवा.

कामाच्या गर्दीत कुणी तुमचं पाकीट वेगळं काढून ठेवेलच असं नाही. एकदा एका गावाहून माझी तीन पाकिटं परत आली: एकावर शिक्का उलटा, एकावर नुसता काळा ठिपका, आणि तिसऱ्यावर तिकिटावरून बॉलपेनची ठसठशीत रेघ. ते तिसरं मी फेकलं नाही. शिक्का न बसलेल्या तिकिटावर पेनाने रेघ ओढणं हीसुद्धा टपालाचीच रीत आहे. पण तेव्हापासून मी तीनऐवजी पाच पाठवतो.

कॅलेंडर आधी बघा. रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला पोस्ट बंद. ९ डिसेंबर २०२९ ला रविवार आहे. त्या वर्षी ८ किंवा १० तारखेवर समाधान मानावं लागेल. दुसरी खुकरी दीवकडे सोपवली तो दिवस तर प्रजासत्ताक दिन. म्हणून नेहमीच्या शिक्क्याची २६ जानेवारी २०२२ ची दीवची तारीख शोधत बसू नका, २७ ची शोधा.

आणखी एक. अमेरिकेत जहाजांवरच पोस्ट ऑफिसं असायची, त्यामुळे तिथले संग्राहक थेट जहाजाला पाकीट पाठवून शिक्का मागवत आले. आपल्याकडे ती पद्धत नाही. सेवेत असलेल्या जहाजाला पत्र लिहून ते कुठे आहे, कधी येणार असली विचारपूस करू नका. हवं ते सगळं निवृत्त जहाजांच्या मागे आणि सार्वजनिक प्रसंगांमधून मिळतं.

खरं-खोटं ताडून बघा

१९७१ ची पाकिटं म्हणून जे विकलं जातं ते सगळं १९७१ चं नसतं. तपासायला भिंग लागतं, पण त्याहून जास्त तारखा माहीत असाव्या लागतात.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. डिसेंबर १९७१ च्या पाकिटावर सहा आकडी पिन छापलेला दिसला, की ते तिथेच ठेवून द्या. बांगलादेशी निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर पाच पैशांचा जादा कर होता, त्याचं वेगळं तिकीट लावावं लागे. त्यामुळे त्या डिसेंबरातल्या साध्या नागरी पत्रावर ‘रेफ्युजी रिलीफ’चं ते छोटं तिकीट शोधा. नसेल तर पत्र खोटंच असं नाही, पण विक्रेत्याला प्रश्न विचारायला हरकत नाही. मुंबईच्या शिक्क्यात १९९५ च्या आधी इंग्रजीत ‘बॉम्बे’ आणि हिंदीत ‘बंबई’ असायचं. जुने शिक्के पुढेही काही काळ वापरात राहिले, पण १९८९ च्या शिक्क्यात ‘मुंबई’ हे नाव इंग्रजी अक्षरांत दिसलं तर दाल में कुछ काला है.

सगळ्यात साधी चूक मात्र चित्रात असते. १९७१ च्या बलिदानाबद्दलचा मजकूर आणि वर चित्र मात्र क्षेपणास्त्रं लावलेल्या दुसऱ्या खुकरीचं, असा घोटाळा सहज होतो. जहाजाच्या अंगावरचा क्रमांक वाचा: एफ १४९ की पी ४९. हा फसवणुकीचा प्रकार नसतो, चित्र शोधणाऱ्याचा आळस असतो. असं पाकीट हाती आलं तर ठेवायला हरकत नाही, फक्त खाली चूक नोंदवून ठेवा.

तारखांमधून कधी भलतंच काही हाती लागतं. आयएनएस निलगिरीचं चित्र असलेलं नौदल दिनाचं तिकीट १९६८ सालचं आहे, आणि त्याच्या फर्स्ट डे कव्हरवर तारीख आहे १५ डिसेंबर. मी आधी छपाईतली चूक समजलो होतो. नौदल दिन तर ४ डिसेंबरला! पण ४ डिसेंबर आला तो १९७१ च्या कराची हल्ल्याच्या स्मरणार्थ. त्याआधी नौदल दिन १५ डिसेंबरलाच होत असे. (निलगिरी हे नावही आता नव्या जहाजाला मिळालंय, जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत. खुकरी भावली नाही तर तो विषय घ्या, तिकिटापासून सुरुवात तयारच आहे.)

शस्त्राची बाजू

खुकरी या वस्तूसाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. गोरखा पलटणींच्या चिन्हात फुलीसारख्या एकमेकींवर धरलेल्या दोन खुकऱ्या असतात, आणि या पलटणींची एपीएस पाकिटं भरपूर निघाली आहेत. विक्रेत्यांकडे ती ढिगात पडलेली असतात. दोन-तीन पुरेत. इथे हात आवरला नाही तर जहाजाचा संग्रह बघता बघता पायदळाचा होतो.

जपणूक

कोकणात आणि मुंबईत पाकिटांचे शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि आपले हात. बुरशीचे तांबूस ठिपके एकदा पडले की जात नाहीत. पाकिटं आम्लविरहित पारदर्शक स्लीव्हमध्ये ठेवा. साध्या पीव्हीसीच्या चिकट पिशव्या शाई ओढून घेतात. अल्बम उभे ठेवा, आडवे रचून ठेवले की खालची पाकिटं एकमेकांना चिकटतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढून पंख्याखाली वारा दाखवा, उन्हात मात्र नको. सेलोटेप, टाचणी, स्टेपलर आणि लॅमिनेशन यांना घरात मज्जाव. माझ्या एका स्नेह्यांनी प्रेमाने मला भेट द्यायचं पाकीट आधी लॅमिनेट करून आणलं होतं. त्यांच्यासमोर हसावं लागलं.

पाकिटाच्या मागे पेनाने काहीही लिहू नका. कुठून, कधी, कितीला घेतलं हे वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून स्लीव्हमध्ये ठेवा.

मांडणी

पाकिटं वीस-पंचवीस झाली की एका फ्रेमपुरती मांडणी करून बघा. प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये १६ पानं बसतात. माझी विभागणी अशी: पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, मग दोन पानं शस्त्राची, तीन पानं पहिल्या जहाजाच्या सेवाकाळाची, चार १९७१ आणि मुल्लांची, तीन दुसऱ्या जहाजाची, आणि उरलेली तीन दीवची, वर्षावर्षाला स्वतः मागवलेल्या शिक्क्यांची. प्रत्येक पाकिटाखाली दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नाही. पहिल्या जहाजाच्या तीन पानांपैकी मधलं अजून रिकामं आहे. फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्याचं पाकीट मिळेल तेव्हा तिथे जाईल.